माणसांशिवाय सापडलेलं जहाज: जुनी कृष्णधवल शॉर्ट फिल्म, नाव सांगेल का कुणी?

वेंगुर्लेकरीण

नमस्कार मंडळी. एक फार जुनी इंग्रजी शॉर्ट फिल्म शोधतेय. नाव आठवत नाही, म्हणून गुगलबाबाही हात टेकतोय.

कार्टून नेटवर्क रात्री बंद व्हायचं आणि त्याच चॅनेलवर टीएनटी लागायचं, तो काळ आठवत असेल तुम्हाला. तिथे दोन सिनेमांच्या मधे दहा-बारा मिनिटांचं काहीतरी लावायचे, त्यात पाहिलेली. आई आतून "झोपा आता" म्हणून ओरडत होती, दादा आणि मी आवाज अगदी बारीक करून बघत होतो. म्हणजे अर्धं ऐकूच आलं नाही, आणि इंग्रजीही तेव्हा यथातथाच.

जे लक्षात आहे ते असं. शिडाचं जहाज भर समुद्रात आपलं आपण चाललंय. दुसऱ्या जहाजावरची माणसं वर चढतात, तर वर चिटपाखरू नाही. पात्रं फारशी बोलत नाहीत, एक माणूस पडद्यामागून सगळं सांगत असतो. मग "असं झालं असेल का? की तसं?" करत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा निराळ्या तऱ्हेने दाखवतात. आणि शेवटी उत्तर देतच नाहीत! त्या वयात इतका राग आला होता.

दादाचं म्हणणं, हा चांगला मोठा सिनेमा होता आणि त्यात ड्रॅक्युलाचं काम करणारा नट होता. शिवाय टेबलावर वाफाळता चहा होता, कप तसेच टाकून माणसं नाहीशी झाली, असंही तो छातीठोकपणे सांगतो. गणपतीत घरी जमलो की मोदक राहतात बाजूला, यावरूनच जुंपते.

तर फिल्म कुठली? गोष्ट खरी आहे का? आणि चहाचं काय?

रीळवाला

सोपा पेपर दिलात. 'द शिप दॅट डाइड', १९३८, एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओची. ऐतिहासिक गूढं या नावाने ते छोट्या फिल्म काढायचे, त्या मालिकेतली. दिग्दर्शक जाक तुर्नर, निवेदन केरी विल्सनचं. लांबी तुम्ही म्हणता तेवढीच, दहा मिनिटांच्या आसपास. जहाज म्हणजे 'मेरी सेलेस्ट', घटना १८७२ ची आणि शंभर टक्के खरी.

टीएनटीवर का दिसली तेही सांगतो. एमजीएमच्या जुन्या सिनेमांचा साठा टेड टर्नरने विकत घेतला आणि टीएनटी हे त्याचंच चॅनेल. मोठ्या सिनेमांबरोबर या चिल्लर फिल्मही आयत्या हाती आल्या. सिनेमा ठरल्या वेळेच्या आधी संपला की त्यातली एखादी सरकवून द्यायची.

बंधुराजांचीही थोडी लाज राखतो. ड्रॅक्युलावाला बेला लुगोसी असलेला 'मेरी सेलेस्ट'वरचा सिनेमा आहे. तो १९३५ चा, इंग्लंडमधल्या हॅमर कंपनीचा, आणि पूर्ण लांबीचा. त्याची मूळ ब्रिटिश प्रत आज मिळत नाही, अमेरिकेत 'फँटम शिप' नावाने लावलेली काटछाट केलेली प्रत तेवढी उरलीय. त्यात सरळ खूनसत्र दाखवून मोकळे झालेत. तुमच्या आठवणीतला निवेदक आणि ते "असं की तसं" मात्र तुर्नरचंच.

तुर्नरबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. हाच माणूस १९४२ मध्ये 'कॅट पीपल' करतो, ज्यात जनावर जवळजवळ दाखवतच नाही, नुसत्या सावल्या आणि आवाज, आणि तरी बघणाऱ्याचे हात गार पडतात. एमजीएममध्ये तेव्हा तो बहुतेक अशा छोट्या फिल्म करत होता. पैसे कमी, वेळ कमी, त्यामुळे रिकामी केबिन, हलणारं दार एवढ्यावर भागवायचं. मला तर वाटतं त्याची शाळा इथेच झाली. या फिल्ममध्ये तो तीन शक्यता मांडतो: बंड, दारूच्या वाफेने स्फोट होईल ही भीती, आणि तिसरी भुताखेतांच्या अंगाने जाणारी. तुम्हाला राग आला तो त्याने एकही निवडली नाही म्हणून, आणि मी ती इतक्या वेळा पाहतो तीही त्याच कारणासाठी.

चौकस चिंतू

हे बर्म्युडा ट्रँगलवालं ना? लहानपणी एका पुस्तकात वाचलेलं. होड्या जागच्या जागी, चहा गरम, मांजर झोपलेलं. परग्रहवासीयांनी उचलून नेलं असं होतं त्यात. मला बंडच वाटतं बुवा. दारू भरलेलं जहाज आणि खलाशी. आणखी काय होणार?

दर्याकिनारी

धागा उघडला आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं. बायको बडबडतेय, पण हा विषय सोडवत नाही. निवृत्तीपर्यंत जहाजावर होतो, शेवटची बरीच वर्षं केमिकल टँकरवर चीफ मेट, म्हणजे कप्तानाखालचा पहिला अधिकारी. अल्कोहोलचा माल मी स्वतः वाहिलाय.

चिंतूशेठ, आधी नकाशा उघडा. बर्म्युडा अटलांटिकच्या अमेरिकेकडच्या अंगाला. हे जहाज सापडलं अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधे, म्हणजे युरोपच्या दारात. त्रिकोण कितीही ताणला तरी पोचत नाही.

आता हकीकत. 'मेरी सेलेस्ट' दोन डोलकाठ्यांचं, शंभर फुटांच्या जरासं वर लांबीचं लाकडी जहाज. १८६१ मध्ये नोव्हा स्कोशियात बांधलं तेव्हा नाव 'ॲमेझॉन' होतं, मालक बदलले तसं नावही बदललं. ७ नोव्हेंबर १८७२ ला न्यूयॉर्कहून इटलीतल्या जिनोव्हाला निघालं. पोटात अल्कोहोलची १,७०१ पिंपं. कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्याची बायको सारा, दोन वर्षांची मुलगी सोफिया आणि सात खलाशी. एकूण दहा. मोठा मुलगा शाळेसाठी आजीकडे ठेवला होता, तेवढा वाचला.

४ डिसेंबरला 'देई ग्राशिया' नावाच्या जहाजाला ते दिसलं. शिडं अर्धवट, चाल वेडीवाकडी, हाकेला ओ नाही. मेट ऑलिव्हर डेव्हो होडीने जाऊन वर चढला. पुढे जिब्राल्टरच्या कोर्टात त्याने शपथेवर जे सांगितलं त्यावरच आपली सगळी माहिती उभी आहे, बाकी सगळं तिखटमीठ. चहाचा निकाल तिथेच लागतो. टेबलावर खायला-प्यायला काही नव्हतं, चूल जागेवरून सरकलेली, शिधा मात्र सहा महिने पुरेल एवढा. जहाजावरची प्रवासाची शेवटची नोंद २५ नोव्हेंबर सकाळी आठची, सांता मारिया बेटाजवळची. नऊ दिवस चहा गरम ठेवणारी किटली असेल तर बंधुराजांनी मलाही एक आणून द्यावी.

आणि होडी. जहाजावरची एकुलती एक होडी गायब होती! "होड्या जागच्या जागी" हे आलं कॉनन डॉइलमुळे. तेव्हा तो पोटापाण्यासाठी डॉक्टरकी करायचा. १८८४ च्या जानेवारीत 'कॉर्नहिल' मासिकात त्याने एक कल्पित गोष्ट छापली, जहाजाचं नाव 'मारी सेलेस्ट' करून. त्यात होड्या जागेवर आहेत. लोकांनी गोष्ट खरी धरली आणि आजतागायत अर्धं जग जहाजाला मेरीऐवजी मारीच म्हणतं.

होडी गेली, तिच्याबरोबर क्रोनोमीटर (जहाजावरचं अचूक घड्याळ), सेक्स्टंट (सूर्य-तारे बघून आपली जागा काढायचं यंत्र) आणि जहाजाची कागदपत्रं गेली. म्हणजे माणसं गायब झाली नाहीत, उतरून गेली. कप्तानाने हुकूम दिला, आणि घाईत दिला, कारण खलाशांचे पाइप आणि पावसाळी कपडे मागेच राहिले. ज्यांनी दर्यावर दिवस काढलेत त्यांना विचारा, खलाशी काहीही विसरेल, तंबाखू विसरणार नाही.

बंडाबद्दल. दारू म्हणताय ती औद्योगिक अल्कोहोल, पिणारा आडवाच व्हायचा. मारामारीच्या खुणा नव्हत्या. खलाशांच्या संदुका, कप्तानाच्या बायकोचा शिवणयंत्राचा पसारा, तिची वाजवायची पेटी, सगळं जागच्या जागी. आणि बंड केलेला माणूस चांगलं धडधाकट जहाज सोडून होडीत का बसेल? जहाज ताब्यात घ्यायलाच तर बंड करतात.

जिब्राल्टरचा सरकारी वकील, सॉली-फ्लड त्याचं नाव, मात्र खुनाच्या पाठीच पडला. कप्तानाच्या केबिनमध्ये तलवार सापडली, तिच्यावर डाग. तपासणी झाली, ते रक्त नव्हतं. तरी याचा संशय जाईना, कधी खलाशांवर, कधी जहाज वाचवून आणणाऱ्यांवर. तीन माणसांनी ते पाणी शिरलेलं जहाज सहाशे मैल हाकत बंदरात आणलं, आणि बक्षीस मिळालं जहाज आणि मालाच्या किमतीच्या साधारण पाचवा हिस्सा, १,७०० पौंड. याहून जास्त मिळायला हवं होतं असं त्या काळच्या दर्यावर्दींनाही वाटलं. मला आजही वाटतं.

वेंगुर्लेकरीण

रीळवाला, दंडवत! सापडली, रात्रीच बघितली. आता इंग्रजी कळतं म्हणून जास्तच आवडली.

दर्याकिनारी काका, एवढं लिहिलंत आणि खरं काय झालं ते सांगायचं ठेवलंत की. फिल्ममधली स्फोटाची शक्यता मला पटण्यासारखी वाटली. कप्तान घाबरून सगळ्यांना होडीत घालतो ते. तुम्ही तसला माल वाहिलाय ना? असं होतं?

दर्याकिनारी

होतं तर. अल्कोहोलची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. आमच्या टँकरवर टाकीत वरच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन भरायचो, म्हणजे वाफ असली तरी पेटायला प्राणवायूच नाही. टाकीत माणूस उतरवायचा तर आधी मीटर सोडून तपासणी, मगच कागदावर सही. १८७२ मध्ये यातलं काहीच नाही. लाकडी पिंपं, लाकडी जहाज, कंदिलाची वात आणि पाइप ओढणारे खलाशी. जिनोव्हात माल उतरवला तेव्हा नऊ पिंपं रिकामी निघाली. ती लाल ओकची होती म्हणतात. हे लाकूड सच्छिद्र, त्यातून झिरपतं. न्यूयॉर्कच्या थंडीतून अझोर्सच्या उबेत आल्यावर वाफ धरणार हे उघड आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २००६ मध्ये एक प्रयोगही झाला. होल्डची, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालखान्याची, लहान प्रतिकृती, पिंपांच्या जागी कागदाचे ठोकळे, आणि आत ब्युटेन वायू पेटवला. भला मोठा आगीचा लोळ उठला, पण कागद साधा करपलाही नाही. म्हणजे भडका उडून जळल्याची खूण न राहणं शक्य आहे. फिल्मवाल्यांनी १९३८ मध्येच ही शक्यता घेतली होती, त्यांना मानलं पाहिजे.

पण माझं मत तिथे पडत नाही. डेव्होला मधल्या मोठ्या हॅचचं, म्हणजे मालखान्यावरच्या तोंडाचं, झाकण पक्कं बंद दिसलं. उघडी होती ती पुढची आणि अगदी मागच्या सामानखोलीची. वाफेच्या भीतीने हवा खेळवायची तर मी आधी मधली उघडीन, माल तिच्याखाली आहे. भडका उडाला असता तर ती उडून पडली असती. आणि डेव्होने कसला वासही सांगितला नाही.

माझी नजर पंपावर आहे. जहाजावर दोन पंप, त्यातला एक उघडून ठेवलेला. जवळच डेकवर साउंडिंगची, म्हणजे होल्डमधलं पाणी मोजायची, जुगाडू काठी पडलेली. होल्डमध्ये साडेतीन फूट पाणी. सोळा फूट खोल होल्डमध्ये साडेतीन फूट म्हणजे काळजीची गोष्ट, पण बुडण्याची नव्हे. डेव्होने तेच पाणी उपसलं आणि जहाज चालवत नेलं.

मग ब्रिग्जसारखा मुरलेला कप्तान का घाबरला? साउंडिंग म्हणजे काय ते बघा. काठीला किंवा सळईला खडू फासायचा, दोरीने तळापर्यंत सोडायची, टेकल्याचा धक्का हाताला लागला की वर खेचायची आणि खडू कुठपर्यंत ओला झाला ते वाचायचं. कॅडेट असताना हेच काम माझ्या गळ्यात होतं. जहाज हेलकावे खात असेल तर पाणी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर पळतं आणि खडू भलत्याच उंचीपर्यंत ओला होतो. एकदा वाचाल तर दोन फूट, लगेच पुन्हा टाकाल तर पाच. आम्हाला दटावून सांगायचे, सलग बघ आणि मधला आकडा धर. आता त्या काळची पद्धत अशी की काठी सोडायची ती पंपाच्याच नळातून, म्हणून पंपाचा आतला भाग बाहेर काढलेला. या जहाजाने आधी कोळसा वाहिलेला, त्याच वर्षी मोठी दुरुस्तीही झालेली, म्हणजे तळाशी भुकटी आणि भुसा. पंप तुंबायला आणखी काय लागतं?

अलीकडच्या एका अभ्यासात जहाजावरच्या नोंदी पुन्हा नकाशावर मांडल्या, त्यातून कप्तानाचा क्रोनोमीटर चुकत असावा असं निघालं. घड्याळात चार मिनिटांची चूक म्हणजे एक अंश रेखांश, त्या भागात सुमारे ४८ सागरी मैल. त्यांच्या हिशेबाने जहाज त्याला वाटत होतं त्याच्या १२० मैल मागे होतं. म्हणजे जमीन दिसायला हवी तेव्हा दिसली नाही. त्याच्या जागी उभे राहा: घड्याळावरचा विश्वास उडालेला, पंप तुंबलेला, काठी पाच फूट सांगतेय, खाली १,७०१ पिंपं, बायको-पोर बरोबर, आणि एकाएकी सांता मारिया सहा मैलांवर. मीही विचार केला असता.

पण पंप तुंबला हे पडद्यावर दाखवून घाबरणार कोण? म्हणून तुर्नरने स्फोट घेतला. सिनेमा म्हणून बरोबरच केलं.

घाटकोपरकर

वाचतोय, जबरदस्त धागा. आपल्याकडे यावर फिल्म व्हायला हवी ती 'वैतरणा'वर. नाव आपल्या नदीचं, पण विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. ८ नोव्हेंबर १८८८ ला कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली, काठियावाडच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली. सातशेच्या वर माणसं, अवशेष आजपर्यंत मिळाले नाहीत. आमच्या चाळीत गुजराती शेजारीण होती, ती 'हाजी कासम, तारी वीजळी' म्हणायची. मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं होती म्हणे तिच्यात.

रीळवाला

घाटकोपरकर, 'वीजळी'चा स्वतंत्र धागा काढाच. इथे मिसळू नका, तो विषय मोठा आहे.

'मेरी सेलेस्ट'चा शेवट कुणी सांगितला नाही अजून. १८८५ च्या जानेवारीत हैतीजवळच्या खडकांवर तिच्या तेव्हाच्या कप्तानाने, गिल्मन पार्करने, मुद्दाम आपटली. भंगार माल भरून किंमत भरमसाट दाखवायची आणि विम्याचे पैसे लाटायचे हा बेत. पकडला गेला, पण ज्युरीचं एकमत झालं नाही. फिल्म काढायची तर हाही मसाला कमी नाही, गूढ मात्र काहीच नाही त्यात.

चौकस चिंतू

काका, बंड मागे घेतो. पण एक शंका. होडीत बसले, बेट सहा मैलांवर. मग बेटावर का पोचले नाहीत? आणि जहाज बुडत नाहीये हे दिसल्यावर परत का चढले नाहीत?

दर्याकिनारी

दोन्हीचं उत्तर बहुतेक एका दोरात आहे. मागच्या शिडाची वरची तिरकी काठी उचलून धरणारा दोर असतो, पीक हॅलयार्ड. जहाजावर हाताशी असणाऱ्या लांब आणि दणकट दोरांपैकी एक. तो तुटलेला सापडला. ब्रिग्जच्या नात्यातल्याच एकाने पुढे मांडलेला तर्क असा, की तोच सोडवून त्याने होडी जहाजाच्या मागे बांधली. बेटाकडे वल्हवत जायचा विचारच नसावा. थोडं अंतर राखून मागे राहायचं, स्फोट होतो का, बुडतं का ते बघायचं, नाही तर दोर ओढत परत वर. घाईत केलेली गोष्ट असली तरी दर्यावर्दी म्हणून मला ती वेडगळ वाटत नाही.

चूक झाली ती शिडांची. सगळी उतरवली नाहीत. जहाज थांबवून ठेवायला शिडं उतरवायची किंवा वाऱ्याशी उलटसुलट लावायची, त्याला वेळ आणि माणसं दोन्ही लागतात, आणि इथे सगळे होडी पाण्यात सोडण्यात गुंतलेले. वारा वाढला की जहाज झटका देतं, मागे दहा माणसांनी भरलेली जड होडी, दोराला एकदम ताण बसतो. भरल्या बोटीचा दोर तुटताना मी पाहिलाय, बंदुकीसारखा आवाज येतो. तुटल्यावर रिकामं, हलकं जहाज नव्हे, पण शिडं लावलेलं जहाज आहे, ते ताशी चार-पाच मैलांनी तरी पुढे जाणार. वल्ही मारून ते गाठता येत नाही, पाण्याच्या काठापर्यंत भरलेल्या होडीने तर नाहीच. आणि सहा मैल हे सकाळी आठचं अंतर. उतरले केव्हा, तोवर जहाज किती पुढे गेलं होतं, वारा किनाऱ्याकडे होता की बाहेर, यावर सगळा खेळ.

वाफेमुळे उतरले असोत की पाण्यामुळे, दोराचा भाग दोन्हीकडे तोच राहतो. रीळवाल्यांनी ती फिल्म पुन्हा लावलीच तर जहाज रिकामं चाललेलं दाखवतात तेव्हा शिडं किती चढवलेली आहेत ते बघून इथे लिहा. स्टुडिओवाल्यांनी डेव्होची साक्ष वाचली होती का ते तेवढ्यावरून कळेल.